गट नंबराआधी रानाला नाव होतं

पिंपळे सौदागर म्हटलं की आज मॉल, उंच इमारती आणि पार्किंगवरची भांडणं आठवतात. याच गावावर १९१७ साली एक पुस्तक निघालं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान सहकाऱ्यांना घेऊन पवनाकाठच्या या खेड्यात हिंडले. माती कुठे काळी, कुठे मुरमाड, विहिरी किती, कर्ज किती, सगळं टिपलं. १७७१मध्ये खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली, हे त्यांनीच दाखवलं.

ते गाव आता पुस्तकातच उरलंय. पण निदान पुस्तक तरी आहे! ३० जून २०२१ला पुणे महापालिकेत २३ गावं आली. मांजरी बुद्रुक, सूस, नऱ्हे, पिसोळी, जांभुळवाडी, वडाची वाडी... यांचं कोण लिहिणार?

गाव म्हणजे नुसतं गावठाण नव्हे, शिवारही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात कुणी नंबर बोलत नाही. 'चिंचेचा तुकडा', 'खालचा मळा', 'पांढरीचं रान' असंच म्हणतात. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. नांगरताना तिथे खापरं वर येतात. 'पाणथळ' म्हणतात त्या रानात पाया खणताना पाणी लागलं, तर आजीला नवल वाटत नाही. बिल्डरला वाटतं. अशी नावं माणसांबरोबर जातात, आणि आपल्याकडची ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

ओढ्यांचं तर विचारूच नका. पुण्यातल्या आंबिल ओढ्याची वाट पेशव्यांनी वळवली, ती निदान पाण्याचा विचार करून. आपण ओढे बुजवतो, भिंतींत कोंडतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच ओढ्याचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं गेली.

हे सगळं लिहून ठेवणं अवघड नाही. फ्रान्समध्ये १९००च्या पॅरिस प्रदर्शनासाठी खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांनी आपापल्या गावाचा भूगोल-इतिहास हाताने लिहून काढला होता. कुणी मोठे संशोधक नव्हते ते, शाळामास्तर होते. मग आपल्याला काय अडचण आहे?

म्हणून पोरांनो, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा. दिवाळीत सगळे घरी असतात, तेव्हा एखाद्या जाणत्या आजोबांना, आजींना गाडीत घाला आणि शिवेवरून फिरा. गट नंबराशेजारी रानाचं नाव लिहा. मोटेची विहीर कुठे होती, पाणंद कुठून जायची, ज्वारी कुठे आणि ऊस कुठे, ओढा पावसाळ्यात कुठवर चढायचा, तेही मांडा. भावकीतल्या वाटण्यांचा विषय निघेल, भांडण लागेल. त्या दिवसापुरतं गप्प बसा.

एक प्रत गावच्या शाळेत ठेवा. दुसरी हाताशी असू द्या. विकास आराखड्यावर हरकती मागवतील तेव्हा 'इथे ओढा होता' एवढं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

आणि आजोबांसाठी टोपी, पाण्याची बाटली आठवणीनं घ्या. ऑक्टोबरचं ऊनही चटका देतं.