पगाराचा आकडा कुणाला सांगावा?

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी माझ्या पगारावर खूश होतो. मग एका दुपारी चहाच्या टपरीवर माझ्याच टीममधल्या, माझ्याइतकाच अनुभव असलेल्या सहकाऱ्याने बोलता बोलता त्याचा आकडा सांगितला. माझ्यापेक्षा वर्षाला चार लाख जास्त! माझा पगार एका रुपयानेही कमी झाला नव्हता, तरी त्या संध्याकाळी नोकरी नकोशी वाटू लागली.

हा फक्त माझा मत्सर होता का? अमेरिकेत २००८ साली ‘सॅक्रामेंटो बी’ या वृत्तपत्राने कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार वेबसाइटवर टाकले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना ईमेलने ही वेबसाइट कळवली, काहींना नाही. मग सगळ्यांना नोकरीबद्दल विचारले. ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या बरोबरीच्या लोकांमध्ये मधल्या आकड्याच्या खाली होता, त्यांचे समाधान घटले आणि ते दुसरी नोकरी शोधण्याच्या विचारात दिसले. वरच्यांच्या समाधानात मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुलनेतून दुःख मिळते, आनंद मिळत नाही.

मग तुलना सोडूनच द्यावी? अम्मी म्हणते, “सब्र कर, दुसऱ्याच्या ताटात बघू नकोस.” ईदच्या दावतीत खालाच्या मुलाचे दुबईचे पॅकेज ऐकून जीव जाळण्यापुरते हे खरेच आहे. तिथले काम वेगळे, खर्च वेगळा. पण शेजारच्या खुर्चीवर तेच काम करणाऱ्याचा पगार ही माहिती आहे.

आमच्या घरातला मी पहिला इंजिनियर. मुलाखतीत अपेक्षा विचारली, तेव्हा जुन्या पगारात थोडे मिळवून मी आकडा सांगून टाकला. त्या सहकाऱ्याचा मोठा भाऊ याच क्षेत्रातला. किती मागायचे हे त्याने आधीच शिकवले होते. चार लाखांचा फरक तिथेच पडला.

पुढच्या अप्रेझलला मी सहकाऱ्याचे नाव न घेता, वर्षभराच्या कामाची यादी आणि ठरलेला आकडा घेऊन बसलो. सगळा नाही, पण बराच फरक भरून निघाला.

पगार लपवण्याचा तोटा ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही त्यांनाच होतो, आणि आपल्यात अशी घरे कमी नाहीत. म्हणून दोस्तहो, मोहल्ल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी पहिल्या मुलाखतीला निघाली असेल, तर दुआ द्याच. सोबत त्या कामाला बाजारात किती मिळतात, तेही सांगा.