पहिलं न्हाणं

आमच्याकडं मूल जन्मलं की पहिली हाक पाण्याची. नाळ कापून होत नाही तोवर चुलाणावर हंडा चढायचा. आता बाळंतपणं तालुक्याला दवाखान्यात होतात, तरी म्हातारी माणसं नर्सच्या मागं लागतात, 'बाई, अंगावर घाण हाय, पाणी घाला.'

ती घाण नव्हे. लोण्यासारखा तो पांढरा थर म्हणजे बाळाचं पहिलं पांघरूण. पोटातल्या उबेतून बाहेर आलेल्या ओल्या जिवाला स्वतःची ऊब राखता येत नाही. त्यावर पाणी ओतलं की अंग गार पडतं, दूध ओढायची ताकद जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले 24 तास आंघोळ नको. कोरड्या फडक्यानं पुसा, आईच्या उघड्या छातीशी धरा, डोकं झाका. बाळ वजनानं कमी असेल तर आणखी थांबा.

मग ही घाई कशाची? माझं म्हणणं आहे, ती स्वच्छतेची नाहीच, सोयराची आहे. आधी धुवायचं, मग हातात घ्यायचं. आईची बाज वेगळी, ताट-तांब्या वेगळा. आमची सुईण गावकुसाबाहेरची. निम्मं गाव तिनं जगात घेतलं, वार तिनंच पुरायची, पण तिच्या हातचं पाणी कुणाला चालत नव्हतं. हिला स्वच्छता म्हणायचं?

माझ्या चुलत बहिणीचं पोरगं पौषात पहाटे जन्मलं. उजाडायच्या आत त्याला न्हाऊ घातलं. दुसऱ्या रात्री गेलं. गारठ्यानंच गेलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण लोक म्हणाले, 'सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं.' अहो, सटवाई लिहायला येते पाचवीच्या रात्री! ती यायच्या आधीच पोर गेलं, तर लिहिलं कुणी?

नशिबाची ही भाषा गडचिरोलीत खोटी ठरली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. बाळाला उबदार ठेवणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. हजार जन्मांमागं 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, ती 25च्या आसपास आली. हा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गावं तीच होती, आणि काम करणाऱ्या बायकाही गावातल्याच.

शहरातल्या मंडळींनी लगेच खूश होऊ नये. न्हाऊ घालणाऱ्या बाईला अडाणी म्हणून हाकलायचं आणि प्लॅस्टिकच्या टबासाठी हजार रुपये मोजायचे, हेही मला पटत नाही. नाळ गळून पडली की पाटावर पाय पसरून बसलेल्या म्हातारीच्या पायांसारखी दुसरी जागा नाही. कोपर बुडवून ती पाणी पाहते, मानेखालचा हात काढत नाही. तिच्या चार गोष्टी मात्र बंद करा. नाका-कानांत तेल सोडणं, तोंडानं फुंकर मारणं, कोंडलेल्या खोलीतली धुरी आणि नाळेवर राख-हळद. नाळ कोरडी राहू द्या, बास. एवढं सांगितलं तर ती ऐकते. हाकलून दिल्यावर कशाला ऐकेल?

दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला बघायला आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येते. अंगाला हात लावून ऊब बघणं, वजन करणं हे तिचं काम. आमच्या आळीतल्या दोन-तीन घरांत अजूनही तिला ओसरीवर बसवतात आणि गुंडाळलेलं बाळ उंबऱ्यापर्यंत आणून लांबून दाखवतात.