सफाई कामगाराच्या जिवाचे अंदाजपत्रक

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेल्याची बातमी वर्तमानपत्रात बहुधा चार ओळींची असते. पहिला उतरला तो वर आला नाही, त्याला काढावयास दुसरा उतरला, मग तिसरा. शेवटही ठरलेला असतो : ठेकेदारावर गुन्हा, चौकशीचा आदेश, वारसांना मदत. 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना देशात 377 माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले आहे. 2022 व 2023 मधील अशा 54 मृत्यूंची सामाजिक तपासणी सरकारने करविली. त्यांपैकी 49 जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते, आणि सरकारी वेतनपटावर असलेले अवघे 5 होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावयास हवेत. हातमोजा का नव्हता या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दुसऱ्या आकड्यात आहे.

या मृत्यूंना अपघात म्हणण्याची रीत पडली आहे. ती सोडली पाहिजे. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो, हे कोणत्याही शाळकरी पुस्तकात सापडेल. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे मॅनहोलच्या तळाशी साचून राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रारंभी येतो. परंतु प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच मरते, आणि कामगाराला वाटते की वास गेला, आता धोका नाही. प्रमाण आणखी वाढले की माणूस काही श्वासांतच कोसळतो. दुसरा आणि तिसरा मरतो तो मूर्खपणाने नव्हे. सोबत्याला खाली पडलेला पाहून जो धावतो त्याच्या हाती दोरही नसतो व श्वसनयंत्रही नसते, म्हणून तो मरतो. ज्या घटनेचे कारण ठाऊक आहे, क्रम ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहे, तिला अपघात म्हणणे म्हणजे जबाबदाराला सोडून देणे होय.

कायदा नव्हता अशीही सबब सांगता येणार नाही. विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात वा नळीत माणूस उतरवावयाचा तर आधी जाणकाराने जागा तपासून लेखी दाखला द्यावा, नाही तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व पट्टा वापरावा आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे, अशी तरतूद 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 36 मध्ये होती. पण रस्त्याखालचे गटार हा कारखाना नव्हे! म्हणून गिरणीतल्या टाकीत उतरणाऱ्याला जे संरक्षण स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी मिळाले, ते शहराच्या पोटात उतरणाऱ्याला मिळावयास 2013 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने गटारांची व सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा ठरविला. त्याखालील नियमांत चाळीसहून अधिक साधनांची यादी आहे. माणूस उतरविण्याची मुभा मोजक्या प्रसंगी व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच आहे. वर किमान तीन माणसे हवीत व त्यांत एक पर्यवेक्षक हवा, एका वेळी 90 मिनिटांपेक्षा अधिक काम नको, हेही लिहून ठेवले आहे. 1993 पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूला 10 लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. तेव्हा उणीव कायद्याची नाही. उणीव आहे ती कायदा मोडणाऱ्याला काही किंमत मोजावी लागण्याची.

गटारातले मृत्यू निदान बातमीत येतात. हजेरी चौकीवर पहाटे सही करून निघणाऱ्या झाडूवाल्याचे आणि कचऱ्याच्या गाडीवरील लोडरचे मरण हप्त्याहप्त्याने येते, म्हणून ते बातमीतही येत नाही. फुटक्या काचा, इंजेक्शनच्या सुया, वापरलेले सॅनिटरी पॅड एकाच पिशवीत बांधून आपण दारात ठेवतो. ती पिशवी उचलणारा हात बहुधा उघडा असतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात उभे राहिले आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. धुळीचा दमा, क्षय, त्वचेचे विकार हे तर या धंद्याचे नित्याचे सोबती. कापडी मुखपट्टी वायू अडवीत नाही आणि बारीक धूळही पुरती अडवीत नाही, तरी खात्याच्या कागदावर ती ‘मास्क’ म्हणून नोंदली जाते.

यावर अधिकारीवर्गाचे एक आवडते उत्तर आहे : ‘साधने दिली आहेत, कामगारच ती वापरीत नाहीत.’ हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते तपासावयास हवे. सर्वांना एकाच मापाचे गमबूट, त्यांत पाणी शिरले की पाय सोलणारे. ओला कचरा धरताच निसटणारे हातमोजे. मे महिन्याच्या उन्हात अंगाला चिकटणारा प्लास्टिकचा कोट. स्त्री कामगारांना पुरुषांच्या मापाचे सर्व काही. ही खरेदी करणाऱ्याने त्या घालून एक तास कचरा उचलून पाहिलेला नसतो. साधन निवडताना ते वापरणाऱ्याला कोणी विचारीत नाही, आणि तो वापरीत नाही म्हणून दोष मात्र त्यालाच. शिवाय औद्योगिक सुरक्षेचे प्राथमिक तत्त्व असे की, आधी धोकाच नाहीसा करावा, ते जमत नसेल तर यंत्र आणावे, मग कामाची पद्धत बदलावी, आणि हे सारे करून जो धोका उरेल त्यासाठी अंगावर साधन चढवावे. आपल्याकडे हा क्रम उलटा लावला जातो. यंत्राऐवजी हातमोजा, आणि हातमोज्याऐवजी महिन्याचा भत्ता!

अर्थशास्त्राचा या ठिकाणी एक धडा आहे. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच म्हटले होते की, काम जितके किळसवाणे व धोक्याचे तितकी त्याची मजुरी अधिक असावयास हवी. माणसे अशा कामाकडे सहजी येणार नाहीत, म्हणून बाजार त्यांना जास्त पैसे देईल. भारतीय नगरपालिका हे या सिद्धान्ताचे जिवंत खंडन आहे. येथे सर्वांत किळसवाणे व सर्वांत धोक्याचे काम सर्वांत कमी मजुरीत होते, कारण ते करणाऱ्याला दुसरा धंदा निवडण्याचे स्वातंत्र्यच जातिव्यवस्थेने ठेवलेले नाही. पर्याय नसलेल्या माणसाशी बाजार घासाघीस करीत नाही, तो त्याला नुसता वापरतो. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये दाखवून दिले की, खाजगी उद्योगाचा पुष्कळसा नफा हा दुसऱ्यांच्या माथी मारलेला खर्च असतो. पालिकेची सर्वांत कमी दराची निविदा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ठेकेदाराने जो दर खाली आणला तो कार्यक्षमतेने आणलेला नसतो. वायुमापक न घेणे, गमबूट न देणे, तिघांच्या जागी एकालाच पाठविणे यांतून तो आलेला असतो. पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसणारी ही बचत कामगाराच्या घरी दवाखान्याचे बिल आणि विधवेचे कर्ज होऊन निघते.

म्हणून ठेकापद्धतीचा प्रश्न आणि संरक्षक साधनांचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत. मुंबईत कचरा उचलणाऱ्या सुमारे 2,700 कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. पण वाट पुन्हा बिकट होत आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने 1948 चा कारखाना अधिनियम व 1970 चा कंत्राटी कामगार अधिनियम हे दोन्ही पोटात घेतले आहेत. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 वरून 50 वर गेली. 20 च्या मर्यादेतून निसटण्यासाठी कामाचे तुकडे पाडण्यास जे शिकले, त्यांना 50 ची मर्यादा म्हणजे पर्वणीच. आस्थापनेच्या मुख्य कामात ठेका नको असे संहिता म्हणते. मात्र आस्थापना ज्या कामासाठी स्थापन झालेली नाही असे सफाईचे काम ती मुख्य कामातून वगळते. आता महापालिका सफाईसाठी स्थापन झाली नसेल तर कशासाठी झाली? मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमात गटारे व केरकचरा ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. हा युक्तिवाद आपण न्यायालयात आणि रस्त्यावर दोन्हीकडे मांडला पाहिजे. कारण जे काम नेहमी ठेकेदारामार्फतच चालते त्याला संहितेत सवलत आहे, आणि गप्प राहिलो तर कालची बेकायदा वहिवाट उद्याचा कायदा होईल.

येथे आपल्याच चळवळीला काही ऐकावे लागेल. या राज्यात पालिका कामगारांच्या संघटना बलाढ्य होत्या; त्यांनी बोनस, महागाई भत्ता, वारसा हक्काची नोकरी मिळविली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी घराला आधार दिला, हे निर्विवाद. पण बापाच्या जागी मुलाला झाडू मिळणे यात सुरक्षा आहे की शिक्षा, याचा विचार आपण पुरेसा केला नाही. त्याच चौकीवर उभ्या असलेल्या ठेक्याच्या कामगाराला सभासद करून घेण्यास अनेक कायम कामगारांच्या संघटनांनी टाळाटाळ केली. आणि पालिका सभागृहात पुरोगामी म्हणविणारे नगरसेवकही सर्वांत कमी दराच्या निविदेला हात वर करीत आले. 2020 च्या मार्चमध्ये ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या त्यांच्या हातमोज्यांविषयी किती सभागृहांत प्रश्न विचारला गेला?

तेव्हा प्रत्येक शहरातील कार्यकर्त्याने आपल्या प्रभागातील हजेरी चौकीपासून प्रारंभ करावा. साठ्याची नोंदवही मागावी : कोणते साधन कोणत्या तारखेला, कोणत्या मापाचे, कोणाला दिले, वायुमापक आहे का व तो शेवटचा केव्हा तपासला. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा यासाठीच आहे. संरक्षक साधनांचा व यंत्रांचा खर्च निविदेच्या दरस्पर्धेतून वगळून पालिकेने स्वतः करावा. साधन निवडणाऱ्या समितीत ठेक्याचे कामगार आणि स्त्रिया असाव्यात. साधनाविना उतरण्यास नकार देणाऱ्याची हजेरी कापली जाऊ नये. या एका हक्कासाठी कायम कामगारांनी ठेक्याच्या कामगाराच्या बाजूने काम थांबविण्याची तयारी ठेवावी. आणि मृत्यू घडल्यास गुन्हा केवळ ठेकेदारावर न नोंदविता ज्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात माणूस उतरला त्याच्यावरही नोंदविला जावा.

2023 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ‘मॅनहोल’कडून ‘मशीनहोल’कडे जाण्याची घोषणा झाली. घोषणेला आमचा विरोध नाही. मात्र अंदाजपत्रक म्हणजे कशावर खर्च करावयाचा आणि कशाची किंमत शून्य धरावयाची याचा निर्णय असतो. तीस लाखांची भरपाई मेलेल्या माणसासाठी मंजूर होते. जिवंत माणसासाठी दोर, वायुमापक आणि पायात मावणारा बूट मंजूर करवून घेणे हे आपले काम आहे.