लेकीचा फुटबॉल आणि स्पर्धेची निवड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. देवळी तालुक्यातील एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक माउली आमच्यापाशी आली. पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "भाऊ, पोरीचं नाव राष्ट्रीय स्पर्धेत आलं म्हणतात. साडेपाच हजार भरा म्हणतात. भरू का?"

मुलगी नववीत. शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळूनच फुटबॉलमध्ये तयार झालेली. पुढे खेळाच्या जोरावर चांगल्या कॉलेजात जायचे, हे तिने मनाशी ठरवलेले. घरी थोडी कोरडवाहू कपाशी आणि बाकी मजुरी.

आम्ही कागद वाचला. संस्थेच्या नावात 'अखिल भारतीय' हे शब्द होते. पण मुलीची निवड चाचणी कोणी घेतली नव्हती, तिचा खेळ कोणी पाहिला नव्हता. स्पर्धा परराज्यात, आणि नेमकी त्याच आठवड्यात जिल्ह्याची शालेय स्पर्धा. दोहोंपैकी एकच जमणार होती. "दोन दिवस थांबा बाई," असे सांगून आम्ही वर्ध्याला चौकशी करून आलो. जे समजले ते सर्व आईबापांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडतो.

स्पर्धेचे नाव किती मोठे, हे पाहून निवड करू नये. ती जिंकल्यावर मुलगी वरच्या पायरीवर जाते काय, आणि तिचा कागद पुढे ग्राह्य धरला जातो काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

पहिली वाट शाळेची. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात व मुलींचे गट वेगळे असतात. काही खेळांची सुरुवात तालुक्यापासून, तर काहींची थेट जिल्ह्यापासून होते. जिल्ह्यात जिंकलेला संघ विभागाला जातो. आपला विभाग नागपूर, म्हणजे वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे. त्यापुढे राज्य आणि मग राष्ट्रीय. शाळांसाठीच १९६० पासून चालत आलेली सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धाही आहे. तीत आता मुलींचाही गट असतो. या वाटेवर खर्च कमी, नोंदणी शाळेमार्फत, आणि कामगिरीप्रमाणे दहावी-बारावीला वाढीव गुणांची सवलत.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्यावर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, अशी ही साखळी आहे. मुलीची महासंघाकडे रीतसर नोंदणी झाली काय, हे येथे विचारून घ्यावे. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघाची निवड चाचणीतून होते. चाचणी न घेता 'तुमची निवड झाली' असे कोणी सांगत असेल, तर तेथेच सावध व्हावे.

तिसरी वाट क्लबची आणि अकादमीची. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलामुलींना फुटबॉलकडे वळवले. त्यांच्या कामावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी काढलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला व पुष्कळ वाचकांनी तो पाहिलाही असेल. अशा ठिकाणी मुलीचा खेळ सुधारतो, धीटपणा येतो. जमल्यास रविवारी गाडीने नागपूरला जाऊन सराव जरूर करावा. मात्र सरावाची जागा वेगळी आणि प्रमाणपत्राची स्पर्धा वेगळी, हे विसरू नये. क्लब निवडताना आणखी एक पाहावे, मुलगी प्रत्यक्ष खेळते किती? नामांकित क्लबात वर्षभर राखीव बसण्यापेक्षा साध्या संघात पूर्ण वेळ खेळलेली मुलगी लवकर पुढे जाते.

आता कागदाचे महत्त्व. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते, हे शासन निर्णयात लिहिलेले असते. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते. कॉलेजातील खेळाडूंच्या जागांसाठीही हीच विचारणा होते. स्पर्धा कोणाची, पातळी कोणती, क्रमांक कितवा?

आमच्या ओळखीची एक तरुणी चार वर्षे अशाच एका बड्या नावाच्या संस्थेतर्फे खेळली. दरवर्षी पैसे भरले, पदकेही मिळाली. पोलीस भरतीच्या वेळी कळले की त्या संस्थेला मान्यताच नाही. तिचे उन्हातले धावणे खोटे नव्हते. पण त्या धावण्याचा कागद कामाचा नव्हता, आणि तोवर वयाची चार वर्षे निघून गेली होती. ज्यांच्या घरात एकदाच पैसे उभे राहतात, त्यांना अशी चूक दुसऱ्यांदा दुरुस्त करता येत नाही.

अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाविरुद्ध १९७२ साली कायदा झाला आणि मुलींच्या संघांना कॉलेजांत मानाची जागा मिळाली. तेथे चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्तीवर पदवी घेता येते. आपल्याकडे तसा सरळ मार्ग नाही. म्हणून आपल्या मुलींनी दोन फायली ठेवाव्यात. एकीत खेळाची प्रमाणपत्रे, दुसरीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका. कॉलेजच्या फीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खेळ प्रवेशाला आणि पुढे विद्यापीठाच्या संघाला उपयोगी पडेल. शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची असेल तर शेजारी अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. पण दोन्ही फायली भरलेल्या हव्यात. खेळापायी दहावीत नापास झालेल्या मुलीला कोणतीच स्पर्धा वाचवू शकत नाही.

राहिला लोकांच्या बोलण्याचा प्रश्न. "मोठी झाली, चड्डी घालून खेळते," असे बोलणारे आपल्याही वस्तीत आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली आणि मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही बजावले. त्या मंडपात आपल्याच आज्या-पणज्या बसलेल्या होत्या. २०२२ साली भारतात मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. भारतीय संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडमधील गुमला जिल्ह्यातल्या मजूर आदिवासी आईबापांची लेक. तिला अडवणारे कोणी भेटले नसतील काय?

काळजी मात्र जरूर करावी. संघाबरोबर बाई शिक्षिका जाते काय, मुक्काम कोठे, परत कधी, हे शाळेच्या लेखी पत्रावर घ्यावे. ते विचारणे हा आईबापांचा हक्क आहे.

पुष्कळ शाळांत मुलींचा संघच नसतो. तेथे विहार समितीने पुढे व्हावे. मैदानावर अकरा लागतात, राखीव धरून पंधरा-सोळा मुली जमवाव्यात, मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि नोंदणीची मुदत चुकू देऊ नये. जयंतीच्या वर्गणीतून चार चेंडू आले तर जयंतीची शोभा कमी होणार नाही.

त्या माउलीने साडेपाच हजार भरले नाहीत. मुलगी शाळेच्या संघातून जिल्ह्याला खेळली. दुसऱ्याच सामन्यात संघ हरला, आणि घरी येऊन ती रडली. परंतु सामना पाहायला आलेल्या एका शिक्षकांनी तिला जिल्हा संघाच्या निवड चाचणीची तारीख सांगितली. वाचवलेल्या पैशांतून आईने तिला खिळ्यांचे बूट घेऊन दिले. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल आणि १७ वर्षांखालील गटात तिला आणखी संधी आहे. सध्या पहाटे मैदानावर फेऱ्या आणि संध्याकाळी गणिताची शिकवणी, असा तिचा दिवस चालला आहे.