आषाढांतील उदासी आणि सकाळचा उजेड

जुन्नरचा नाणेघाट काय किंवा आंबेगांव तालुक्यांतील आहुपें काय, आषाढ-श्रावणांत या घाटमाथ्यावर कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. अशा वेळीं घरांतील एखादी सून वा एखादा मुलगा खिन्न राहतो, फार झोपतो. आणि वडीलधारी मंडळी त्यास आळशी ठरवितात. परंतु विशिष्ट ऋतूंत येणारी उदासी हा खरा विकार असूं शकतो. अमेरिकेंतील डॉ. रोझेन्थल व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिकडे तो बहुधा हिवाळ्यांत होतो, व रोज सकाळीं अर्धा तास १०,००० लक्स प्रकाशाच्या दिव्यासमोर बसणें हा त्यावरील एक मान्य उपचार आहे. डोळ्यांवाटे गेलेला उजेड मेंदूंतील झोपेजागेपणाचें घड्याळ ताळ्यावर आणतो.

आपल्या माजघरांत दिवा लावूनहि शेंदोनशें लक्सच प्रकाश असतो. ढगाळ दिवशींहि अंगणांत त्याच्या अनेक पट असतो. म्हणून अशा माणसाचा सकाळचा चहा चुलीपाशीं न देतां ओसरीच्या कडेस द्यावा. पाऊस उघडतांच त्यास फिरावयास न्यावें. दिव्याचा उपचार मात्र डॉक्टरांस विचारूनच करावा. नेत्रविकार वा उन्मादाचा पूर्वेतिहास असल्यास तर अवश्य. उदासी दोन आठवडे टिकली, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा कानीं आली, तर उजेडावर विसंबूं नये. तत्काळ डॉक्टर गांठावा. बोल लावणें तेवढें आजच थांबवावें.