जातिवाचक शिवी 'शिस्तभंग' कधी ठरणार?

भारतीय क्रिकेट मंडळाला शिस्त कळत नाही, असं कुणी म्हणू नये. हवी तेव्हा ती चांगली कळते. जानेवारी 2019 मध्ये 'कॉफी विथ करण' या कार्यक्रमात हार्दिक पांड्या महिलांबद्दल वाह्यात बोलला. सोबत के. एल. राहुल होता. देशभर संताप उसळला. जिलेट कंपनीनं हार्दिकशी नातं तोडलं. 11 जानेवारीला दोघंही निलंबित झाले आणि त्यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत पाठवलं गेलं. दोन आठवड्यांत निलंबन उठलं, पण एप्रिलमध्ये मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी प्रत्येकी 20 लाख रुपये दंड ठोठावला. हे बोलणं मैदानावरचं नव्हतं, तरी कारवाई झाली. ती योग्यच होती. स्त्रीचा अपमान हा विनोद नसतो.

आता दुसरं प्रकरण पाहा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये युवराज सिंग आणि रोहित शर्मा इन्स्टाग्रामवर लाइव्ह गप्पा मारत होते. युवराजनं युजवेंद्र चहलची चेष्टा करताना सफाई काम करणाऱ्या एका अनुसूचित जातीचं नाव शिवीसारखं वापरलं. रोहितनं त्याला थांबवलं नाही. आंबेडकरी तरुणांनी सोशल मीडियावर आवाज उठवल्यावर, 5 जून 2020 ला युवराजनं नकळत कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर खेद असल्याचं म्हटलं. हरियाणातल्या हांसी पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो फेब्रुवारी 2021 मध्ये. ऑक्टोबरमध्ये अटक झाली आणि लगेच जामीनही.

आणि मंडळ? युवराज 2019 मध्येच निवृत्त झाला होता, म्हणून मंडळ काय करणार, असं सांगितलं जातं. मान्य. पण रोहित तर मंडळाचा करारबद्ध खेळाडू होता. त्याला साधी समज दिल्याचंही कधी जाहीर झालं नाही. आमच्या खेळात जातीच्या नावानं कुणाला हिणवलं जाणार नाही, एवढं एक वाक्य बोलायलाही निवृत्ती आड येत नव्हती.

हा फरक का पडला, हे आपण ओळखलं पाहिजे. पहिल्या वेळी जाहिरातदार बिथरले. दुसऱ्या वेळी अपमान ज्यांचा झाला, ते कुठल्या ब्रँडचे ग्राहक म्हणून मोजलेच जात नाहीत. ज्याची बाजारात पत, त्याच्या अपमानाची दखल, असा हा शिस्तीचा हिशेब आहे.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. जून 2021 मध्ये ऑली रॉबिन्सननं लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण केलं आणि त्याच दिवशी त्याची किशोरवयातली वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी ट्विट्स समोर आली. त्याच्या मंडळानं त्याला निलंबित केलं. पुढे आठ सामन्यांची बंदी आली, त्यातली पाच सामन्यांची स्थगित ठेवली. तिथं वंशभेद संपला असं नाही. पण तो गुन्हा आहे, हे नियमात लिहिलेलं आहे.

आपल्याकडे क्रिकेट आणि जात यांचं नातं जुनं आहे. पालवणकर बाळू पुण्यात सवर्णांबरोबर खेळत, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना नाकारलं गेलं. त्यांचे भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाले, ते भांडून. मातीचं भांडं गेलं, शिवी राहिली.

हा मुंबईतल्या मोठ्यांचाच प्रश्न नाही. जालना, अंबड, भोकरदनच्या टेनिस बॉल स्पर्धांत आपली पोरं खेळतात. झेल सुटला की तीच शिवी कानावर येते, आणि देणारा म्हणतो, 'मस्करी केली.' पहाटे शहराच्या नाल्या उपसणाऱ्या माउलीच्या पोरानं ही मस्करी किती दिवस ऐकायची?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मंडळाच्या आणि आयपीएलच्या आचारसंहितेत, खेळाडूंच्या करारात 'जातिवाचक अपमान' हा शब्द स्वतंत्रपणे लिहा. तो मैदानाबाहेर, मोबाइलवर केलेल्या बोलण्यालाही लागू करा. दंडाची रक्कम सफाई कामगारांच्या मुलांच्या खेळ शिष्यवृत्तीला द्या. मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं आणि उच्च न्यायालयाच्या रिट अधिकारकक्षेत येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच सांगितलं आहे. खासगी संस्था म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. या वर्षी भीमजयंतीला ज्या ज्या स्पर्धा आपण भरवू, त्यांच्या नियमावलीत पहिला नियम लिहू: जातीवरून शिवी दिली, तर खेळाडू स्पर्धेबाहेर. आपल्याच संघाचा असला तरी.

जय भीम! जय संविधान!