‘मिळेल ते घ्या’ म्हणणाऱ्यांस

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींत सध्या एक उपदेश फार स्वस्त झाला आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना तो सणासमारंभांत, मंडळाच्या बैठकांत, रेल्वेच्या प्रवासात, कोठेही ऐकावयास मिळतो : “अपेक्षा कमी करा, मिळेल ते घ्या, बाजारच तसा आहे.” उपदेश करणारे गृहस्थ बहुधा सरकारी वेतनश्रेणीत स्थिरावलेले असतात. या उपदेशाला व्यवहारज्ञान म्हणण्याची चाल पडली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती अन्यायाची वकिली आहे, आणि आपल्यासारख्यांच्या तोंडी तर ती मुळीच शोभत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2012 च्या सुमारास माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मोठ्या कंपन्या नवख्या अभियंत्याला वर्षाला सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास देत असत. 2024 मध्ये ही रक्कम साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत होती. 2012 साल शंभर धरले, तर ग्राहक किंमत निर्देशांक 2024 च्या अखेरीस 195 च्या घरात गेला होता. म्हणजे जुन्या सव्वातीन लाखांची किंमत नुसती टिकवावयाची म्हटली, तरी सहा लाखांहून अधिक द्यावे लागले असते. कागदावरचा आकडा हलला नाही, म्हणून पगार तेवढाच राहिला असे समजणे भाबडेपणाचे आहे. बारा वर्षांत तो जवळजवळ निम्मा झाला.

यापुढची पायरी दिलेला शब्द फिरवण्याची. वर्षाला साडेसहा लाखांचा प्रस्ताव हाती असलेल्या आणि प्रशिक्षणही पुरे केलेल्या उमेदवारांना, साडेतीन लाखांवर येण्यास तयार आहात का, अशी विचारणा विप्रोने फेब्रुवारी 2023 मध्ये केली. ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंटच्या 2 लाख 52 हजारांच्या वार्षिक प्रस्तावावर गदारोळ उठला, तेव्हा कंपनीने खुलासा केला की हा आकडा अभियंत्यांसाठी नसून तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या पदवीधरांसाठी आहे. जणू एक वर्ष कमी शिकलेल्याला भूकही कमी लागते!

2 लाख 52 हजार म्हणजे महिना 21,000. केंद्राच्या कक्षेतील कामांसाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून जे किमान वेतन ठरले, त्यात ‘अ’ वर्गाच्या शहरांतील झाडलोट व हमाली करणाऱ्यासाठी महिना 20,358 आणि लेखनिकासाठी 24,804 रुपये होते. झाडणाऱ्याला ते 20,358 मिळू नयेत असे म्हणणारा कोणी असेल, तर तो या लेखकाचा सोबती नव्हे. ती रक्कम त्याच्या हक्काची आहे आणि थोडीच आहे. परंतु ज्या मर्यादेच्या खाली जाणे सरकार लेखनिकाच्या बाबतीत गैर मानते, तिच्याही खाली पदवीधराला बोलावणाऱ्या प्रस्तावास ‘संधी’ म्हणावयाचे, हा भाषेचा दुरुपयोग होय.

यावर ठरलेले उत्तर येते : मागणी कमी आणि पुरवठा अधिक, बाजाराचा नियम कोणास चुकला आहे? हा नियम खरोखर दोन्ही दिशांनी चालता, तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु 2021 आणि 2022 मध्ये याच कंपन्यांना माणसे पुरेनात, अनुभवी लोक भराभर नोकऱ्या बदलीत होते आणि त्यांना भरघोस वाढी मिळत होत्या. तेव्हाही नवख्याचा सर्वसाधारण पगार जागचा हलला नाही. जेथे अपवादाने अधिक देऊ केले, तेथे ते पुढे परत मागितले गेले. चढत्या बाजारात वर न जाणारा आणि उतरत्या बाजारात मात्र तत्काळ खाली येणारा हा कसला नियम? धंदा बुडत होता असेही नाही. 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचे नफे पंधरा वर्षांतील उच्चांकावर होते आणि वेतने मागे राहिली होती, हे 2024-25 च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच नमूद केले आहे.

मग इतक्या कमी पगारात मुले राहतात तरी कशी? येथेच आपला संबंध येतो. बंगळूर, हैदराबाद किंवा गुरुग्राम येथे महिना वीस-एकवीस हजारांत खोलीचे भाडे, जेवण आणि जाणे-येणे भागवून पदवीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता भरणे जमत नाही. उरलेली रक्कम घरून जाते. दिल्लीत, नागपुरात किंवा भोपाळात बसलेला बाप दरमहा चार-पाच हजार पाठवतो आणि ‘मुलगा मार्गी लागला’ म्हणून समाधान मानतो. त्या बापाने एकदा हिशेब मांडून पाहावा. तो मुलाला नव्हे, मुलाच्या मालकाला पोसत आहे! आपला महागाई भत्ता त्या कंपनीच्या वेतनपत्रकातील तूट भरून काढतो. आणि ती तूट भरली जाते म्हणूनच पुढल्या वर्षीही तेवढाच पगार देऊ करण्याचे धैर्य कंपनीस होते. ज्याच्या मागे असा बाप नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने काय करावे? तिने कर्ज काढून नोकरी करावी, की नोकरी सोडून गावी परतावे? ‘मिळेल ते घ्या’ हा सल्ला खाऊनपिऊन सुखी घरांपुरताच खरा आहे, हे तो देणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही.

आपले स्वतःचे वेतन कोणत्या तत्त्वावर ठरते, याचाही आपणांस विसर पडला आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने माणसाचे किमान वेतन त्याच्या गरजेवरून मोजावे असे ठरवले : कुटुंबातील तीन भक्षक घटकांचे अन्न, वर्षाला 72 वार कापड, निवारा, आणि इंधन-दिव्यासाठी वीस टक्के. त्याच वर्षी न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या निकालात सांगितले की, कामगारास किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्क नाही. दुसऱ्या वेतन आयोगाने गरजेचे हे माप मानले नाही, तेव्हा जुलै 1960 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला. नाथ पै आणि एस. एम. जोशी त्याच्या पुढाऱ्यांत होते. संप पाच दिवसांत मोडला, अनेकांनी शिक्षा भोगल्या. पण तत्त्व मेले नाही. सातव्या वेतन आयोगाने जानेवारी 2016 पासूनचे 18,000 चे किमान वेतन 1957 च्या त्याच मापावरून काढले. त्यावर जुलै 2025 पासून 58 टक्के महागाई भत्ता मिळू लागला, आणि आठव्या आयोगाची घोषणा तर त्याआधी, जानेवारी 2025 मध्येच झाली होती.

कारकुनाच्या एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. ‘पुरवठा अधिक आहे, सबब तुमचा महागाई भत्ता बंद,’ असे उद्या सरकारने म्हटले, तर ‘बाजारच तसा आहे’ असे म्हणून आपण मान तुकवू काय? आपल्यासाठी गरजेचे माप आणि आपल्या मुलांसाठी बाजाराचे, ही दुटप्पी नीती कोणत्या शास्त्रात बसते?

आणि सरकारी कार्यालये तरी कोठे निर्दोष आहेत? प्रस्तुत लेखक ज्या कार्यालयात काम करतो, तेथे शेजारच्या मेजावर ठेकेदारामार्फत आलेला पदवीधर संगणकचालक बसतो. नस्ती तीच, कामाचे तास तेच. हजेरीपट मात्र ठेकेदाराचा, आणि पगार आमच्या निम्म्याहून कमी. समान कामास समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जगजित सिंग खटल्यात 2016 मध्येच सांगितले. पण मधे ठेकेदार उभा केला की तत्त्व दाराबाहेर थांबते. सरकारच असा धडा घालून देत असेल, तर खाजगी मालकांनी तो का गिरवू नये?

ज्याला गरज आहे त्याने मिळेल ती नोकरी अवश्य घ्यावी. उपाशी राहून तत्त्व सांभाळा असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु नाइलाजाने स्वीकारलेल्या रकमेस वाजवी म्हणू नये, आणि तसे म्हणावयास मुलांना शिकवू नये. जाहिरातीत पगार छापलाच पाहिजे, प्रस्तावपत्रातील आकडा मालकावर बंधनकारक असला पाहिजे, आणि नवख्याचेही वेतन महागाईबरोबर वाढले पाहिजे. या मागण्या आपल्या संघटनांनी आपल्या मागण्यांच्या शेजारी लिहाव्यात. ज्या पिढीने 1960 मध्ये मार खाल्ला, तिने केवळ स्वतःपुरता खाल्ला नव्हता. तिने मिळवलेल्या सावलीत बसून पुढल्या पिढीस उन्हाचे माहात्म्य सांगणे आपण आता बंद केले पाहिजे.